विचारांचे स्वराज्य

ज्या विषयाला घरी मराठीत तत्त्वज्ञान म्हणतात, त्याला आम्ही हिंदी माध्यमात दर्शनशास्त्र म्हणत शिकलो. इंग्रजीत तीच ‘फिलॉसॉफी’. नावे तीन, विषय एक, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण इंग्रजी राजवटीत कोलकात्यात जे घडले त्यावरून दिसते, की भाषा बदलली की विषयही बदलतो.

बंगालमध्ये संस्कृत पाठशाळेला ‘टोल’ म्हणत. नवद्वीपच्या टोलांत नव्यन्यायाचे, म्हणजे अतिशय सूक्ष्म तर्कशास्त्राचे, अध्ययन शतकानुशतके चालत आले होते. तेथे केवळ पाठांतर नव्हते. पंडित एकमेकांची मते खोडून काढीत, नवे ग्रंथ लिहीत.

१८२३ मध्ये सरकार संस्कृत कॉलेज काढणार असे कळताच राजा राममोहन रॉय यांनी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून विरोध केला. त्याऐवजी गणित, रसायन, शरीरशास्त्र शिकवा, अशी त्यांची मागणी होती. तरी १८२४ मध्ये ते कॉलेज सुरू झाले. पुढे त्याचेच प्राचार्य झालेल्या ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५३ मध्ये विद्यार्थ्यांना मिलचे तर्कशास्त्र शिकवावे, असा आग्रह धरला. म्हणजे इंग्रजी विद्या केवळ लादली गेली नाही, आपल्याच थोर लोकांनी ती मागितलीही.

परंतु निर्णय राज्यकर्त्यांच्या हाती होता. १८३५ मध्ये मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारी पैसा मुख्यतः इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर कोलकाता विद्यापीठ स्थापन झाले. पदवी आणि नोकरी इंग्रजी परीक्षेवर अवलंबून राहू लागली. युरोपीय विचार ‘फिलॉसॉफी’ ठरला, आणि न्याय-वेदान्त बहुतांशी ‘संस्कृत’ विषयाच्या खोलीत गेले.

एक उदाहरण पाहा. इंग्रजी ‘माइंड’ म्हणजे मन, असे आपण सहज म्हणतो. न्यायदर्शनात मन हे केवळ आतले इंद्रिय आहे, जाणणारा तो आत्मा. शब्दाला शब्द ठेवला आणि मूळ प्रश्नच हरवला.

१९२२ मध्ये सुरेंद्रनाथ दासगुप्ता आणि १९२३ मध्ये सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी भारतीय दर्शनांचे मोठे ग्रंथ लिहिले, तेही इंग्रजीत. राधाकृष्णन कोलकात्यात ज्या अध्यासनावर होते, त्याला पंचम जॉर्ज बादशहाचे नाव होते! पुढे त्याच अध्यासनावर आलेले कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी एका भाषणात ‘विचारांतील स्वराज्य’ मागितले. राजकीय गुलामी जाणवते, विचारांची गुलामी जाणवतही नाही, म्हणून ती अधिक घातक, हा त्याचा आशय. परके विचार टाकून द्या, असे ते म्हणाले नाहीत. आपल्या विचारांशी ताडून पाहा आणि मग स्वीकारा किंवा नाकारा, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ मध्ये ते भाषण छापले गेले. हेच भट्टाचार्य १९३०च्या दशकात खानदेशातील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचे संचालकही होते.

आपली मुले घरी मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी वाचतात, बोलतात. पालकांनी याला ओझे समजू नये. पुस्तकात नवा शब्द आला की घरी विचारावे, “याला आपण काय म्हणतो, आणि दोन्हींचा अर्थ खरोखर एकच आहे का?” विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की शाळेच्या ग्रंथालयात तिन्ही भाषांचे चांगले शब्दकोश मुलांच्या हाताला येतील अशा जागी असावेत. विचारांचे स्वराज्य येथूनच सुरू होते.