व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरमधील अनिष्ट ध्वनीचा शोध : एक पद्धतशीर विवेचन

बीजसंज्ञा : व्हॉल्व्ह, अनिष्ट ध्वनी, वारंवारता, कपॅसिटर, अर्थिंग.

प्रस्तावना :

शिरोळ तालुक्याला संगीताची परंपरा नवी नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ मध्ये याच तालुक्यातील कुरुंदवाड येथे झाला. नजीकच्या मिरजेत तंबोरे व सतारी घडविणारे कारागीर आजही कार्यरत आहेत. तंबोऱ्याची जवारी लावताना कोणता झंकार राखावा आणि कोणती खरखर घालवावी, हे हा कारागीर प्रथम कानाने ठरवितो आणि मगच घोडीला हात लावतो. विद्युत वाद्यांच्या दुरुस्तीत मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. आधी सुटे भाग बदलले जातात आणि दोष कोठे आहे याचा विचार नंतर होतो.

प्रस्तुत लेखाचे निमित्त असेच एक उदाहरण आहे. लेखकाच्या परिचयातील एका गिटारवादकाचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर २०१९ च्या महापुरानंतर कित्येक महिने ओलसर खोलीत पडून होता. पुढे तो सुरू केल्यावर त्यातून अखंड घुमणारा आवाज येऊ लागला. फिल्टर कपॅसिटर बदलूनही तो थांबला नाही. अखेरीस 'अर्थिंगची पिन काढून टाका' असा सल्ला त्या वादकास मिळाला. हा सल्ला प्राणघातक का आहे आणि दोषाचा शोध शास्त्रीय पद्धतीने कसा घ्यावा, हे स्पष्ट करणे हा या लेखाचा हेतू होय.

व्हॉल्व्हचे कार्य :

फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन विद्युताग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे विद्युताग्र, म्हणजे ग्रिड, घातले. ग्रिडवरील अल्प विद्युतदाबाने प्लेटकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह नियंत्रित होतो, हे वर्धनाचे मूळ तत्त्व होय. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकून राहिले, कारण क्षमतेपलीकडे चालविल्यावर व्हॉल्व्हमधून उमटणारा भरदार, किंचित फाटलेला स्वर वादकांना प्रिय आहे. गिटारचा संकेत अत्यंत क्षीण असल्याने १२ एएक्स ७ सारखा व्हॉल्व्ह पहिल्या टप्प्यात वापरतात. त्याचा वर्धनांक सुमारे १०० असतो. म्हणूनच पहिल्या टप्प्यात शिरलेला लहानसा दोषही शेवटी स्पीकरवर मोठा होऊन ऐकू येतो.

ध्वनीवरून कुळाची ओळख :

अनिष्ट ध्वनी एकच नसतो, त्याची कुळे वेगवेगळी असतात. भारतात घरगुती वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. हीटरच्या तारा, सदोष अर्थिंग वा अपुरे आच्छादन यांमुळे शिरणारा आवाज प्रामुख्याने ५० हर्ट्झचा असतो. पूर्ण-तरंग एकदिशीकरणानंतर उरणाऱ्या तरंगाची वारंवारता मात्र दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ होते. फिल्टर कपॅसिटर वाळले की हा आवाज वाढतो. अमेरिकी पुस्तकांत याच जागी ६० आणि १२० हे आकडे आढळतात. ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू करू नयेत.

हा फरक गिटारवरच तपासता येतो. नेहमीच्या मेळात लावलेल्या गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा स्वर ९८ हर्ट्झचा असतो. घुमणारा आवाज या स्वराच्या किंचित वर असेल तर तो १०० हर्ट्झचा, आणि त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर ५० हर्ट्झचा समजावा. लहान स्पीकरमधून ५० हर्ट्झचा मूळ स्वर क्षीण उमटतो व कानाची फसगत होऊ शकते. अशा वेळी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोप शंकेचे निरसन करतो.

'सूं' असा अखंड आवाज वेगळ्या कुळातील आहे. रेझिस्टरमधील इलेक्ट्रॉनांच्या औष्णिक हालचालींमुळे असा ध्वनी निर्माण होतो. जॉन्सन यांचे यासंबंधीचे मापन आणि नायक्विस्ट यांचे सैद्धांतिक स्पष्टीकरण १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. तो पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. तो वाजवीपेक्षा अधिक असेल, तर प्लेटला जोडलेले जुने कार्बन रेझिस्टर बदलून पाहावेत. तडतड बहुधा सॉकेटमधील मळ किंवा खराब झालेला रेझिस्टर सुचविते. पेन्सिलीने हलकेच टकटक केल्यावर एखादा व्हॉल्व्ह घणघणत असेल, तर त्याच्या आतील भाग सैल झाले आहेत असे समजावे.

टप्प्याटप्प्याने शोध :

कूळ कळले तरी ठिकाण कळत नाही. त्यासाठी संकेताचा मार्ग क्रमाने तोडीत जावे. प्रथम गिटार काढावी. आवाज थांबला तर दोष गिटार, तिची वायर वा परिसर यांत आहे. एकेरी पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा ट्यूबलाइटच्या चोकचे चुंबकीय क्षेत्र पकडतो. गिटार हातात धरून दिशा बदलल्यास असा आवाज कमी-अधिक होतो. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप सिद्ध केला.

गिटार काढूनही आवाज राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर आणावा. आवाज थांबल्यास दोष व्हॉल्यूमच्या आधी आहे, न थांबल्यास नंतर. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, थंड झाल्यावर, इनपुटकडून एकेक व्हॉल्व्ह काढावा व पुन्हा सुरू करून ऐकावे. जो व्हॉल्व्ह काढल्यावर आवाज थांबतो, त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी दोष असतो. फेज इन्व्हर्टरचा व्हॉल्व्ह काढूनही आवाज येत राहिला, तर अंतिम व्हॉल्व्हची विजोड जोडी किंवा वीजपुरवठा तपासावा. हीटर एकसर जोडलेले असल्यास ही रीत चालत नाही, कारण एक व्हॉल्व्ह काढताच सर्व बंद पडतात. तसेच स्पीकर न जोडता अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रत्यक्ष उदाहरण :

उपरोक्त अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ५० हर्ट्झचा होता. म्हणजे फिल्टर कपॅसिटर बदलण्यामागील तर्कच चुकीचा होता. व्हॉल्यूम शून्यावर आणताच तो थांबला आणि पहिला व्हॉल्व्ह काढल्यावरही थांबला. मात्र नवा व्हॉल्व्ह बसवूनही तो पूर्ववत राहिला. पहिल्या व्हॉल्व्हचे ग्रिड सॉकेटपाशीच चॅसिसला जोडल्यावर शांतता झाली. याचा अर्थ व्हॉल्व्ह व त्यापुढील सर्व परिपथ निर्दोष होता. याउलट, दोन्ही टोके आतून जोडलेली पिन इनपुट जॅकमध्ये घातली तरी आवाज कायम होता. दोष जॅक आणि ग्रिड यांच्या दरम्यानच असणार, हे निश्चित झाले. जॅक उघडला तेव्हा त्याचा अर्थकडील संपर्क ओलाव्याने गंजलेला आढळला. अल्प किमतीचा तो जॅक बदलताच घुमणे थांबले.

सुरक्षितता :

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टपर्यंत वा त्याहून अधिक दाब असू शकतो आणि वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तो शिल्लक राहतो. पिन काढून, योग्य क्षमतेच्या रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामे करून व मीटरने खात्री करूनच आत हात घालावा. ग्रिड जोडण्यासारखी जोडणीही वीज बंद असतानाच करावी.

अर्थिंग तोडल्याने काही वेळा आवाज कमी होतो, हे खरे आहे. एकमेकांस जोडलेली दोन उपकरणे दोन ठिकाणी अर्थ झाली की अर्थचे वेटोळे तयार होते आणि अर्थिंग तोडल्यास ते खंडित होते. परंतु गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसताना चॅसिसवर वीज उतरली, तर ती वादकाच्या शरीरातून मार्ग काढते. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे यांचा रंगमंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाल्याने, मृत्यू झाला. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर जोडणे हा या दोषावरील सुरक्षित व सोपा उपाय होय.

समारोप :

सारांश, अनिष्ट ध्वनीचे कूळ कानाने ओळखावे, ठिकाण विभाजनाने निश्चित करावे आणि सुटा भाग त्यानंतरच बदलावा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवलेल्या या परिसरात ओलाव्याने बिघडलेली अनेक उपकरणे 'निकामी' ठरवून भंगारात जातात. त्यांपैकी काहींचा दोष एखाद्या गंजलेल्या संपर्काएवढाच असू शकतो. असे एखादे उपकरण पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवले आणि उच्च दाबाचे काम अध्यापकाने स्वतःकडे ठेवून दोषाचा तर्क विद्यार्थ्यांना करू दिला, तर वैज्ञानिक पद्धतीचा धडा त्यांना प्रत्यक्ष अनुभवातून मिळेल.