साठीची टाच आणि सक्तीची रजा

दिवाळी सरली की मुंबई-पुण्यातल्या धावणाऱ्या मंडळींचे रविवार भल्या पहाटे सुरू होतात. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आलेली असते, ‘लाँग रन’चे किलोमीटर दर आठवड्याला वाढत असतात. नेमक्या याच दिवसांत साठी ओलांडलेल्या ग्रुपमधल्या एखाद्या काकांना किंवा काकूंना सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते. खोलीभर फिरलं की ती ओसरते, म्हणून बूट चढवले जातात. पुढे जिना उतरणंही जड जायला लागतं, आणि डॉक्टर सांगतात, ‘धावणं बंद.’

या दुखण्याचं नाव प्लांटर फॅसिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायाखालून एक जाड, चिवट पट्टा जातो आणि पावलाची कमान तोलून धरतो. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर पडतो. पट्टा टाचेला जिथे जोडलेला असतो, तिथे बारीकबारीक इजा साचत जाते. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो आणि उठल्याबरोबर एकदम ताणला जातो. पहिलं पाऊल सगळ्यांत जास्त दुखतं ते यामुळे. उतारवयात टाचेखालच्या चरबीच्या गादीचा लवचीकपणा कमी होतो, पोटऱ्या आखडतात आणि शरीराची डागडुजीही सावकाश चालते. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं की घरचे घाबरतात. पण टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही अशी वाढ सापडते.

अर्थात, पायाची प्रत्येक कळ टाचेची नसते. 1855 मध्ये ब्राइटहॉप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या संचलनानंतर सैनिकांची पावलं सुजून दुखतात, अशी नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर त्या दुखण्याचं कारण कळलं: चवड्यातल्या लांब हाडांना गेलेली बारीक चीर, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेलाही चकवू शकते. हाडाच्या एकाच बिंदूवर बोट ठेवताच कळ येत असेल, सूज असेल, रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर ‘चालून चालून जाईल’ म्हणत बसू नये. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता घटते, त्यामुळे स्त्रियांनी इथे जास्तच जागरूक राहायला हवं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, तर दुखण्यावर विसंबताही येत नाही.

टाचेच्या दुखण्यात बहुतेकांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो, पण त्याला काही महिने लागतात, कधी वर्षही. खरी धास्ती तिथेच असते. पन्नाशीनंतर धावायला लागून कमावलेला दम या रजेत निघून जाणार, असं वाटतं.

या धास्तीबद्दल विज्ञानाकडे बरंच काही आहे. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं गेलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी निघाली. सहा महिन्यांच्या व्यायामानंतर ती घटही भरून आली. मुरलेल्या खेळाडूंनी सराव थांबवला तर काय होतं, हे एडवर्ड कॉइल यांच्या चमूने 1984 मध्ये मोजलं. पहिल्या तीन आठवड्यांत क्षमता सात टक्क्यांनी घटली आणि आठ आठवड्यांनंतर ती सोळा टक्के घटीवर स्थिरावली. म्हणजे नुकसान होतं, पण अंथरूण धरलं तर ते कितीतरी मोठं होतं. म्हणून विश्रांती टाचेला द्यावी आणि हृदयाला कामाला लावावं.

त्याचे मार्ग साधे आहेत. कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात जागच्या जागी धावलं, तर पाय तळाला टेकत नाहीत आणि दम मात्र चांगलाच लागतो. पोहणं आणि सायकलही चालते, टाच कुरकुरत नसेल तर.

टाचेसाठीचा एक व्यायाम डेन्मार्कमधल्या अभ्यासातून पुढे आला. जिन्याच्या पायरीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, त्यावर पायाची बोटं वर वळतील असं उभं राहायचं आणि टाच पायरीबाहेर मोकळी सोडायची. एका पायावर तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद धरायची, तीन सेकंदांत खाली आणायची. हे दिवसाआड करायचं, आणि ताकद वाढली की पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरत जायची. तीन महिन्यांनी या गटाचं दुखणं नुसता ताण देणाऱ्या गटापेक्षा कमी होतं. वर्षअखेर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. वय आणि तोल बघता कठड्याला हात धरावा आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली, दोन्ही पायांवर करावी.

थांबून पुन्हा धावणाऱ्यांमध्ये कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. मिल्टन गावच्या दफनभूमीतल्या वाटेवर ते तासन्‌तास संथ फेऱ्या मारत. गुडघ्याच्या दुखण्याने त्यांना मोठमोठे खंड घ्यायला लावले, तरी 73 व्या वर्षी त्यांनी 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि 85 व्या वर्षी चार तासांच्या आत.

परतताना आधी अर्धा तास झपाझप चालणं विनात्रास जमलं पाहिजे. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, तेही दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या पावलाला कळ वाढली, तर मागच्या टप्प्यावर यावं. आधी सपाट रस्त्यावरची छोटी शर्यत धरावी. चढावर पोटरी आणि टाच दोन्ही जास्त ताणल्या जातात, म्हणून सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा यवतेश्वर घाट त्यानंतरच्या हंगामासाठी ठेवावा.