संगणकीय आरेखन : आज्ञांपलीकडचे शिक्षण

लग्नपत्रिका, दुकानाचा फलक किंवा समारंभाची चित्रफीत ही सारी कामे आज संगणकावर होतात. साहजिकच ग्राफिक डिझाइन व व्हिडिओ संकलनाच्या अभ्यासक्रमांकडे तरुणांचा ओढा आहे. शुल्क भरण्यापूर्वी मात्र तेथे नेमके काय शिकविले जाते, हे पाहणे हिताचे ठरते.

सॉफ्टवेअरच्या आज्ञा सरावाने पाठ होतात. त्यांमागील तत्त्वे उमगली नाहीत, तर काम छापखान्यात अडते. ‘फोटोशॉप’मधील छायाचित्र बिंदूंचे बनलेले असते, ते फार मोठे केल्यास धूसर होते. ‘कोरलड्रॉ’मध्ये रेखाटलेले बोधचिन्ह मात्र गणिती रेषांवर बेतलेले असल्याने कार्डावर आणि फलकावर सारखेच रेखीव उमटते. पडद्यावरील रंग लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून साकारतात. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी शाई वापरली जाते. हा भेद न जाणल्यास पडद्यावरचा झळाळता रंग कागदावर फिका उतरतो आणि फेरछपाईचा भुर्दंड बसतो. संकलनातही दृश्य कोठे तोडावे, हे जाणकार नजरच ठरविते.

खर्चही शुल्कापाशी थांबत नाही. ‘अ‍ॅडोबी’ने २०१३ पासून आपली प्रमुख आरेखन सॉफ्टवेअर वर्गणी पद्धतीवर नेली. सरावासाठी ‘गिम्प’, ‘इंकस्केप’ आणि ‘दाविंची रिझॉल्व्ह’ची मूळ आवृत्ती विनामूल्य मिळते.

म्हणून प्रवेशापूर्वी प्रत्यक्ष सरावाचे तास, माजी विद्यार्थ्यांची कामे आणि प्रमाणपत्राची मान्यता तपासावी. कर्ज घ्यावयाचे असल्यास तो अभ्यासक्रम त्यास पात्र आहे का, याची शाखेत आधीच चौकशी करावी. आवृत्त्या बदलतात; घडलेली नजर कायम राहते.