नाक चोंदलं म्हणून सीपॅप मशीन बंद करू नका

घरात सीपॅप मशीन आलं की आधी घोरणं थांबतं, आणि मग घरातल्या बाकीच्यांनाही झोप लागायला लागते. पहिला महिना बरा जातो. मग एखादी सर्दी होते, नाक चोंदतं, कपाळ आणि गाल जड पडतात, मास्क लावला की गुदमरल्यासारखं वाटतं. घरात कोणीतरी म्हणतं, ‘या मशीनमुळेच सायनस झाला.’ दोन रात्री मशीन बंद राहतं, मग आठवडा, आणि एक दिवस हजारो रुपयांचं ते यंत्र डब्यात भरून कपाटावर जातं. अब्बा पुन्हा पूर्वीसारखे घोरू लागतात आणि दुपारी पेपर वाचता वाचता डुलक्या घेऊ लागतात.

यात बिघडतं काय, ते समजून घ्यायला हवं. स्लीप अ‍ॅप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा अडतो. तासाला असं ३० किंवा जास्त वेळा होत असेल तर आजार तीव्र समजला जातो. सीपॅप हवेच्या सौम्य दाबाने ही वाट उघडी ठेवतं, पण ते मास्क लावलेला असेपर्यंतच. मशीन सोडलं की आजार एक-दोन रात्रींतच परत येतो. ब्लडप्रेशर, हृदयावरचा ताण, दिवसा गाडी चालवताना लागणारी झापड, सगळं त्याच्यासोबत येतं.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार पहिल्यांदा जगासमोर मांडला, तेव्हाही हवा नाकातूनच दिली होती. म्हणजे या उपचाराचा दरवाजा पहिल्यापासून नाक आहे. दरवाजा अडला तर तो उघडायचा, घर सोडून जायचं नाही.

मशीनमुळे नाक खरंच बंद होतं का?

होतं, पण लोक समजतात तसं नाही. नाकाचं काम फक्त हवा आत घेणं नाही. आत येणारी हवा ते कोमट करतं, ओली करतं, धूळ अडवतं. बाहेर जाणाऱ्या श्वासातून थोडा ओलावा परत मिळवतं. सीपॅपची हवा रात्रभर दाबाने येत राहते. अशात तोंड उघडं पडलं तर ती नाकातून आत येते आणि तोंडातून निघून जाते. नाकाला ओलावा परत मिळतच नाही. आतली त्वचा कोरडी पडते, चिडते, सुजते. नाक सुजलं की माणूस आणखी तोंडाने श्वास घेतो, आणखी हवा गळते, नाक आणखी सुजतं. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते, नाकातून पाणी वाहतं, डोकं जड असतं. यालाच आपण ‘सायनस वाढला’ म्हणतो.

खरं तर सायनस म्हणजे कपाळ, गाल आणि नाकाभोवतीच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. त्या बारीक वाटांनी नाकात उघडतात. नाकाची त्वचा सुजली की या वाटा बंद होतात आणि आत चिकट पाणी साचतं. त्यामुळे बहुतेक वेळा औषध ‘सायनस’वर शोधण्याआधी नाकाचा कोरडेपणा आणि सूज कमी करावी लागते. ज्यांना आधीपासून धुळीची अ‍ॅलर्जी आहे त्यांना मशीन लागण्यापूर्वीही नाक चोंदण्याचा त्रास असतोच. मशीन फक्त तो उघडा पाडतं.

पाण्याची टाकी रिकामी ठेवू नका

सगळ्यात जास्त फरक पडतो तो ह्युमिडिफायरने, म्हणजे मशीनला जोडलेल्या पाण्याच्या छोट्या गरम टाकीने. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तेही तिच्याकडेच. कित्येक घरांत ती टाकी पहिल्या महिन्यानंतर कोरडीच असते. ‘पाणी भरायचा कंटाळा’ हे कारण ऐकायला साधं वाटतं, पण अर्ध्या तक्रारी तिथूनच सुरू होतात असं माझं मत आहे.

टाकी रोज रात्री भरा, सकाळी उरलेलं पाणी ओतून द्या, सौम्य साबणाने धुवा, उपडी करून वाळवा. पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या पाण्यातले क्षार टाकीच्या तळाला पांढरे थर धरतात. निलगिरीचं तेल, बाम, गुलाबपाणी यातलं काहीही टाकीत घालायचं नाही. ते थेट फुप्फुसात जातं. बरकतीसाठी झमझम घालण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तोही नको. झमझम क्षारयुक्त पाणी आहे, ते प्यावं.

ओलाव्याचा आकडा किती ठेवायचा, हे गावावर आणि मोसमावर ठरतं. सोलापूर, बीड, परभणीकडे हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तिथे तो वाढवावा लागतो. एसीच्या खोलीतही तेच. रत्नागिरी, रायगड किंवा मुंबईत पावसाळ्यात तोच आकडा ठेवला तर नळीत पाणी जमतं आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडतात. तेव्हा आकडा एक-दोनने उतरवा, नळी पांघरुणाखाली घ्या, मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. एक-एक पायरी बदलून दोन-तीन रात्री बघायचं, एकदम सगळं फिरवायचं नाही. हवेचा दाब मात्र स्वतः बदलू नका. तो ४ ते २० सेंटीमीटर पाण्याच्या मापात डॉक्टर ठरवून देतात.

लाइट गेली आणि मशीन इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर गरम टाकी बरीच वीज खाते. त्या रात्रीपुरती ती बंद करून नुसतं मशीन चालवलं तर बॅटरी जास्त टिकते.

मागचा फिल्टरही बघा. पांढरा असतो तो काळवंडला की बदलायचा, धुवायचा नाही. रस्त्याकडेच्या किंवा बांधकाम सुरू असलेल्या वस्तीत तो महिन्याच्या आत काळा होतो. झोपायच्या खोलीत लोबान, ऊद, अगरबत्ती, मच्छर कॉइल नको. सुगंध आवडतो हे खरं, पण मशीन तोच धूर ओढून रात्रभर नाकात सोडतं. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा. धुळीतल्या बारीक किड्यांची अ‍ॅलर्जी असेल तर याने खूप फरक पडतो.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर एक गोष्ट तपासा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून हवेच्या नळीत येण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो मशीन परत बोलावली होती. मॉडेल आणि नंबर पडताळल्याशिवाय असं मशीन घरी आणू नका.

मास्क आणि दाढी

मास्क तीन प्रकारचे असतात. फक्त नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणारा छोटा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. सर्दीत नाक पूर्ण बंद असताना तिसरा कामाला येतो, म्हणून शक्य असेल तर तो एक घरात असू द्या. सर्दी उतरली की पुन्हा नाकाच्या मास्कवर या. मोठ्या मास्कमधून हवा जास्त गळते आणि कधीकधी दाबही जास्त लागतो.

आपल्याकडे दाढीचा प्रश्न येतोच. मोठा मास्क हनुवटीवर आणि गालावर बसतो, तिथे दाढी असली की हवा बाजूने सुटते, डोळ्यांत जाते, आणि मग पट्टे आवळून नाकावर वळ उठतात. दाढी काढायची गरज नाही. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मास्क दाढीला लागतच नाही आणि मिशी बारीक असेल तर तो छान बसतो. मशीन देणाऱ्याने ‘मोठाच घ्या’ म्हटलं तरी छोटा लावून बघायला मागा. झोपेत तोंड उघडं पडत असेल तर हनुवटीला आधार देणारा पट्टा मिळतो. पण नाक बंद असताना तोंड बांधून झोपायचं नाही.

थेंबांची सवय

नाक चोंदलं की मेडिकलमधून ओट्रिविन किंवा नॅसिव्हिऑनसारखे थेंब आणतात. दोन मिनिटांत नाक मोकळं होतं, म्हणून ते जादूच वाटतात. पण सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की उतार पडल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त सुजतं आणि माणूस थेंबांशिवाय झोपूच शकत नाही. अशी सवय झालेले लोक वर्षानुवर्षं बाटली खिशात घेऊन फिरतात. सर्दीच्या काही गोळ्यांमध्येही नाक सुकवणारं औषध असतं, ते ब्लडप्रेशर चढवतं. स्लीप अ‍ॅप्नियाच्या अनेक रुग्णांना आधीच ब्लडप्रेशर असतं, म्हणून स्वतःच्या मनाने या गोळ्या घेऊ नयेत. झोपेच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

रोजच्या वापरासाठी डॉक्टर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनसारखा स्टिरॉइडचा स्प्रे देतात. ‘स्टिरॉइड’ शब्दाने घाबरू नका, नाकापुरतंच औषध असतं. तो त्याच रात्री चमत्कार दाखवत नाही, पूर्ण परिणाम यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि म्हणूनच लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. मारायची पद्धतही महत्त्वाची. मान थोडी पुढे झुकवा, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर कानाच्या दिशेने. पडद्यावर मारत राहिलं तर रक्त येतं.

वुजू आणि नाक धुणं, दोन वेगळ्या गोष्टी

मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की चिकटा निघतो, त्याचा फायदा होतो. मेडिकलमध्ये बाटली आणि मिठाची पाकिटं मिळतात. पण पाणी नळाचं नको. डिस्टिल्ड घ्या, किंवा उकळी आल्यावर किमान १ मिनिट उकळून गार केलेलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात दोघांचा मृत्यू झाला होता. त्यांनी नळाच्या पाण्याने नाक धुतलं होतं आणि त्यातला अमिबा मेंदूपर्यंत गेला. असा आजार अत्यंत दुर्मिळ आहे, पण झाला तर बहुतेक वेळा माणूस वाचत नाही.

‘आम्ही दिवसातून पाच वेळा वुजूत नाक साफ करतोच’ असं कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण वुजूचं पाणी नाकाच्या पुढच्या भागापुरतं असतं. सायनसच्या वाटांपर्यंत पोहोचण्यासाठी नळाचं पाणी जोरात वर ओढू नये. कराचीत या अमिबाने अनेक बळी घेतले आहेत, आणि वुजूच्या वेळी नाकात गेलेल्या नीट क्लोरीन न घातलेल्या पाण्यावर तिथे संशय घेतला गेला. हलक्या हाताने नाक साफ करणं वेगळं, पाणी वर ओढणं वेगळं. मिठाच्या पाण्याने धुणं झोपण्याच्या तासभर आधी करा, म्हणजे उरलेलं पाणी निथळून जातं. वाफाऱ्याने थोडा वेळ बरं वाटतं, घ्यायला हरकत नाही, फक्त उकळतं भांडं मुलांपासून लांब.

रमजानमध्ये

तरावीह, सहरी, फजर यांत झोप तुकड्यांत होते. रात्री तीन तास, फजरनंतर दोन, दुपारी थोडी. मशीन प्रत्येक झोपेला लावायचं, दुपारच्यालाही. दिवसभर पाणी नसल्याने तोंड-नाक जास्त कोरडं पडतं, म्हणून टाकी भरलेली हवीच. रोजात नाकात औषध घेण्याबद्दल उलमांची मतं वेगवेगळी आहेत, पण इथे पेच पडायचं कारण नाही. स्टिरॉइडचा स्प्रे बहुतेकांना दिवसातून एकदाच लागतो, तो इफ्तारनंतर घेता येतो. नाक धुणंही रात्रीच करा. दिवसा मशीन लावण्याबद्दल, विशेषतः टाकीच्या ओलाव्याबद्दल, मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा. विचारताना नीट सांगा की यात औषध नसतं, हवा असते आणि टाकी चालू असेल तर तिच्यासोबत पाण्याचा ओलावा असतो.

मशीन कधी थांबवायचं, डॉक्टरकडे कधी जायचं

साध्या सर्दीत नाकातून थोडी तरी हवा जात असेल तर मशीन लावा. पूर्ण रात्र नाही जमली तरी जितके तास जमतील तितके लावा. अजिबातच जमलं नाही तर त्या रात्री कुशीवर, डोक्याखाली उंच आधार घेऊन झोपा. सर्दीतला सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि साधारण १० दिवसांत उतरतो, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. १० दिवसांनीही उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि गालात ठणका सुरू झाला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कान दुखत असेल तरी दाखवा.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, असह्य डोकेदुखी, किंवा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ स्वच्छ पाणी टपकत राहणं, यात वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नाकात काळी खपली, चेहऱ्याची एक बाजू सुजणं किंवा बधिर होणं ही म्युकरमायकोसिसची लक्षणं असू शकतात. २०२१ च्या कोरोना लाटेत महाराष्ट्राने हा काळ्या बुरशीचा आजार जवळून पाहिला आहे.

‘नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून टाका म्हणजे मशीन सुटेल’ असाही सल्ला मिळतो. ऑपरेशनने नाक मोकळं होतं, मशीनचा दाब कमी लागू शकतो, मास्क सोसवतो. पण घशात मिटणारी वाट त्याने उघडी राहत नाही, म्हणून मशीन सहसा सुटत नाही. ऑपरेशनआधी सर्जनला मशीनबद्दल सांगा, कारण नंतर काही दिवस ते बंद ठेवायचं का आणि पुन्हा कधी लावायचं, हे तेच ठरवतात.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी मशीन हातातल्या सामानात घ्यावं, टाकी पूर्ण रिकामी करून. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, एक जादा फिल्टर आणि एक जादा नाकाचा मास्क असू द्या, कारण तिथली गर्दीतली सर्दी-खोकला जवळपास प्रत्येकाला गाठते. डिस्टिल्ड पाणी मिळालं नाही तर काही दिवस बाटलीबंद पाणी चालतं. मिनाच्या तंबूत प्लगजवळची जागा मिळावी म्हणून टूरवाल्याशी निघण्याआधीच बोलून ठेवा. मुजदलिफाची रात्र उघड्यावर असते, तिथे बॅटरी लागते, आणि विमानात १०० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी न्यायला एअरलाइनची परवानगी आधी घ्यावी लागते.