सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीतला हक्क

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी भिगवण सोडते आणि उजनीच्या फुगवट्याचा मुलूख सुरू होतो. याच मार्गावर जेऊर हे करमाळा तालुक्यातले बाजाराचे गाव आहे. उजनीच्या पाण्यावर या भागात ऊस आणि केळी उभी राहिली, शेजारच्या कंदरची केळी परदेशी जाऊ लागली आणि जमिनीला मोल आले. दुसरीकडे शिकलेली पोरे नोकरीसाठी पुणे गाठू लागली. म्हणून आज इथल्या अनेक घरांत जमीन जेऊरला, वारस तीन गावांत आणि सातबाऱ्यावर मात्र वारलेल्या आजोबांचे नाव असते. पीककर्ज काढायचे झाले किंवा संपादनाचा मोबदला घ्यायचा झाला की हे नाव आडवे येते.

अडचण राज्यभर इतकी पसरलेली आहे की शासनाने एप्रिल २०२५पासून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली. पद्धत फारशी अवघड नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यायचा. तो ई-हक्क प्रणालीवरूनही देता येतो. आधी वारस नोंदवहीत आणि मग फेरफारात नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जमीन महसूल संहितेनुसार ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. अर्जातली ‘सर्व वारस’ ही अट शब्दशः पाळायला हवी. बहिणींची नावे गाळून केलेला अर्ज म्हणजे पुढच्या दाव्याची पायाभरणी.

नोंद निराळी, मालकी निराळी

सातबारा हा महसुलाचा दप्तर-उतारा आहे. त्यातली नोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एवढाच त्यांचा अर्थ. कारभार थोरल्याचा, जमीन सगळ्यांची. पुढच्या पिढीत ही अक्षरे नजरेआड होतात आणि चुलतभाऊ कोर्टाची पायरी चढतात.

मग कोणाचा वाटा किती? एका हिंदू कुटुंबाची आठ एकर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची जमीन आहे असे धरू. घरात आई-वडील, एक मुलगा आणि दोन मुली. वडील वारले, तर निधनाच्या क्षणी वाटप झाले असे कायदा मानतो. पाच वाटे पडतात, प्रत्येकी ६४ गुंठे. वडिलांचा वाटा आई आणि तीन मुलांत समान जातो, म्हणजे प्रत्येकाला आणखी १६ गुंठे. चौघांच्या पदरी दोन-दोन एकर येतात.

यातला आईचा वाटा ज्या निकालाने पक्का झाला, तो आपल्याच मुलखातला आहे. सांगलीच्या न्यायालयात हिराबाई मगदूम यांनी पतीच्या मागे आपला हिस्सा मागितला. मुलांचे म्हणणे होते की आईला फक्त चोविसावा भाग मिळेल. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला की वाटपातला पत्नीचा चौथा हिस्सा आणि वारसाहक्काचा चोविसावा हिस्सा, असे दोन्ही हिराबाईंचे आहेत. एकूण चोविसातले सात.

त्या हिशेबात मुलींना जन्माने वाटा नव्हता. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५पासून तो दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटपे मात्र उकरता येत नाहीत. जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, हे ती कोणाकडून, केव्हा आणि कशी आली यावर ठरते. म्हणून वकिलाकडे जाताना ताज्या उताऱ्याबरोबर जुने फेरफारही काढून न्यावेत. मुस्लिम कुटुंबांत वाटे त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने पडतात आणि मृत्युपत्राने साधारणपणे एकतृतीयांशाहून जास्त देता येत नाही.

मृत्युपत्र आणि नॉमिनी

वरच्या वडिलांनी ‘आठही एकर मुलाला’ असे मृत्युपत्र केले असते तर? ते चालले असते फक्त त्यांच्या ६४ गुंठ्यांपुरते. मुलाला तीन एकर आठ गुंठे आणि आई व दोन्ही मुलींना प्रत्येकी एक एकर चोवीस गुंठे मिळाले असते. स्वकष्टाची मालमत्ता मात्र हवी त्याला देता येते.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. सक्तीचे आहेत ते दोन साक्षीदार. पुढे वाद झाला तर कोर्टात त्यांच्यापैकी निदान एकाला उभे राहावे लागते. म्हणून साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याहून वयाने लहान आणि विश्वासू असावेत, ज्याला मालमत्ता मिळणार तो नसावा. वय झाले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा आणि करमाळ्याला दुय्यम निबंधकांकडे नोंदणीही करून घ्यावी. खोटेपणाच्या आरोपाला त्याने बराच आळा बसतो.

बँकेत ‘नॉमिनी लावला आहे’ म्हणून निश्चिंत राहणारे खूप आहेत. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर यांनी २०११मध्ये मृत्युपत्र केले, २०१३मध्ये ते गेले. त्यांच्या म्युच्युअल फंडांतल्या चार कोटींहून अधिक रकमेवर नॉमिनींचा हक्क की वारसांचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ला उत्तर आले: नॉमिनी रक्कम स्वीकारतो, मालक होत नाही. ती मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्काप्रमाणेच वाटली जाते.

नोकरदारांनी आणखी एक पाहावे. लग्नाआधी भरलेले भविष्यनिर्वाह निधीचे नामनिर्देशन लग्नानंतर नव्याने भरावे. भागीदारीत केळीचा धंदा असेल, तर करारनाम्यात वेगळे ठरलेले नसल्यास एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. आणि भागीदार दोनच असतील तर ती संपतेच. हिशेब कसा मिटवायचा, हे आधीच लिहून ठेवलेले बरे.

बहिणीची सही

भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे ओवाळणीच्या ताटाबरोबर हक्कसोडपत्र ठेवणारी घरे आपल्या भोवती आहेत. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही तिची भीती खरी असते. तिने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो, आणि आपण किती गुंठे सोडतो आहोत हे तिला आधी आकड्यात सांगायला हवे. नुसत्या शब्दाने किंवा साध्या मुद्रांकावरच्या मजकुराने हक्क जात नाही. उलट, सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५खाली वाटप करून घेता येते. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असतो. तिथे विक्रीआधी परवानगी पाहावी, वारसनोंद मात्र अडत नाही.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि १९९२मध्ये शासनाने पतीच्या संमतीने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची वाट खुली केली. ती वाट आजही फार थोडे जण चालतात. दिवाळीत सगळे भाऊ-बहीण एका घरात असतात. त्या चार दिवसांत उतारा, जुने फेरफार, विमा आणि पासबुके एकदा सर्वांसमोर मांडावीत, वाटे मोठ्याने वाचावेत आणि आईला विचारावे तिला काय हवे आहे. घरातले वडीलधारे समोर बसून जे मिटवतात, ते त्यांच्या पश्चात मिटवायला दिवाणी कोर्टाला वर्षे लागतात, आणि तोवर भावंडांचे बोलणेही बंद झालेले असते.