पचनज व्रणाचा रक्तस्राव : शस्त्रक्रियेविना उपचार

जठर व ग्रहणी (लहान आतड्याचा प्रारंभीचा भाग) यांच्या अंतःस्तरावरील व्रणास पचनज व्रण म्हणतात. व्रण खोल जाऊन त्याच्या तळाची रोहिणी झिजली म्हणजे रक्तस्राव होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचे सेवन ही प्रमुख कारणे होत. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, घेरी आणि डांबरासारखा काळा, चिकट मल ही लक्षणे आढळतात. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. मात्र तो तसा चिकट व उग्र वासाचा नसतो.

बहुसंख्य रुग्णांत स्राव आपोआप थांबतो. तो न थांबल्यास पूर्वी जठराचा भाग काढणे किंवा प्राणेशा तंत्रिका छेदणे एवढाच मार्ग असे. बर्फगार पाण्याने जठर धुण्याची रीतही रूढ होती. ती निरुपयोगी ठरली. १९५७ मध्ये बेसिल हिर्शोव्हिट्झ यांनी प्रकाशतंतूंचा लवचिक अंतर्दर्शक पुढे आणला आणि पुढील काळात व्रणावर आतूनच उपचार करणे शक्य झाले.

प्रथम नीलेतून लवणद्राव देऊन रक्ताभिसरण सावरतात. हीमोग्लोबिन १०० मिलि. रक्तात सु. ७ ग्रॅ.पेक्षा कमी झाल्यास रक्त देतात. हृद्रोग्यांत ही मर्यादा अधिक ठेवतात. सढळ हाताने रक्त देणे हितावह नसते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बार्सिलोना येथील अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २४ तासांच्या आत अंतर्दर्शन करतात. रक्त वाहत असल्यास किंवा उघडी रोहिणी दिसल्यास सभोवार विरल ॲड्रेनॅलीन टोचतात. त्याचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून जोडीला उष्णतेने रोहिणी गोठवितात किंवा धातूचा चिमटा बसवितात. तळ स्वच्छ असल्यास यांपैकी काहीच लागत नाही.

या उपचारात वेळेला फार महत्त्व आहे. सोलापूर येथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु करमाळ्याहून तेथे पोहोचण्यास शंभराहून अधिक किमी. प्रवास करावा लागतो. अशा रुग्णास तोंडाने काही न देता, स्थानिक रुग्णालयातच नीलेतून द्राव सुरू करून पाठविणे इष्ट असते. मल काळा दिसूनही दोन दिवस घरगुती उपाय करीत राहणे घातक ठरू शकते.

पुन्हा रक्तस्राव होण्याचा संभव पहिल्या ७२ तासांत सर्वाधिक असल्याने, अंतर्दर्शनाने उपचार केलेल्या रुग्णास त्या काळात ओमेप्राझोलसारखी अम्लरोधक औषधे मोठ्या मात्रेत देतात. पुन्हा स्राव झाल्यास अंतर्दर्शन परत करतात; तेही निष्फळ ठरल्यास मांडीतील रोहिणीतून नलिका घालून रक्तस्रावी रोहिणी बुजवितात. शस्त्रक्रिया शेवटी उरते. जंतुसंसर्ग प्रतिजैविकांनी निपटावा लागतो. रक्तस्राव चालू असताना जंतूची परीक्षा खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणून ती पुढे पुन्हा करतात.