रंग न पिणारं दार

आमच्या मुलुंडच्या घरातलं न्हाणीघराचं दार मागच्या जुलैत बंद व्हायचं थांबलं. वरच्या कोपऱ्यात ते चौकटीला घासत होतं आणि खाली वीतभर उंचीपर्यंत इतकं कुजलं होतं की पायाचा अंगठा लागला तरी भुगा पडायचा. एवढ्या वर्षांत सुतारकाकांनी त्याला तीनदा रंधा मारला होता. या वेळी त्यांनी पिशवीतून रंधा काढलाच नाही. "ताई, आता फायबरचं बसवा," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

फायबरचं दार आलं. रंगाने पांढुरकं, पण अंगावर सागवानासारख्या रेषा उमटवलेल्या. दुकानदार म्हणाला होता, वरून स्टेन मारा, सागवानी दिसेल. शोकेसच्या कामातून उरलेला लाकडाच्या स्टेनचा डबा माळ्यावर पडलेलाच होता. एका रविवारी मी तो फडक्याने दारावर चोळला. तीन दिवस दार चिकट राहिलं. चौथ्या दिवशी सहज नख लावलं तर रंगाची सालच निघाली. सुतारकाका बघायला आले आणि हसले. "ताई, लाकूड रंग पितं. या दाराला तहानच नाही."

माझ्या फसलेल्या रविवारचं सगळं विज्ञान त्या दोन वाक्यांत होतं.

तहानलेलं लाकूड

झाड जिवंत असताना मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवणाऱ्या नळ्या लाकडात असतात. झाड तोडलं, फळ्या पाडल्या, तरी नळ्या राहतात. सागवानातल्या मोठ्या नळ्या तर नुसत्या डोळ्यांना दिसतात; रंधा मारलेल्या फळीवर ज्या बारीक लांबट रेघा दिसतात, त्या म्हणजे उभ्या चिरल्या गेलेल्या याच नळ्या. पातळ स्टेन फळीवर पडला की वातीत तेल चढावं तसा तो या नळ्यांत शिरतो. वरचा पुसून टाकला तरी आतला राहतो. त्यामुळे लाकडाचा स्टेन हा थर नसतो, लाकडाच्या अंगात मुरलेला रंग असतो. नख लावून तो निघत नाही.

हीच तहान लाकडाचा शत्रूही आहे. लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतला ओलावा शोषतात आणि फुगतात. फुगतात त्याही आडव्या, रेषांना काटकोनात. लांबीत जवळजवळ नाहीच. सागवान या बाबतीत समंजस लाकूड मानलं जातं. तरी त्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर रुंदी साधारण एक टक्क्याने वाढू शकते. म्हणजे दाराच्या १० सेंटिमीटर रुंद उभ्या पट्टीमागे एक मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून दोन मिलिमीटर झाले की दार आणि चौकट यांच्यातली फट संपली. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस मोजला जातो. २६ जुलै २००५च्या त्या चोवीस तासांत तर ९४४ मिलिमीटर झाला होता. अशा हवेत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत श्रावणात दारं कुरकुरतात, यात सुताराचा दोष नसतो.

काच आणि राळ

फायबरच्या दाराच्या कवचात ना नळ्या, ना पेशी. त्यात असतात काचेचे धागे, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि त्यांना धरून ठेवणारी पॉलिएस्टर राळ. वितळलेल्या काचेचे असे धागे मोठ्या प्रमाणात काढायचं तंत्र १९३०च्या दशकात अमेरिकेत बसलं आणि १९३८ मध्ये त्यासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनीच उभी राहिली. आपल्याकडे हा पदार्थ आता इतका रुळलाय की ओळखूही येत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या, इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या, मंडपातल्या पुन्हा पुन्हा वापरायच्या मोठ्या मूर्ती, सगळे याच घराण्यातले. घराच्या आतल्या भागात वापरायच्या अशा दारांसाठी भारतीय मानक ब्युरोचं १४८५६ क्रमांकाचं स्वतंत्र मानक आहे.

दार बनवताना आधी साच्याला मेण चोळतात, म्हणजे माल चिकटून बसू नये. मग राळेत हार्डनर आणि कोबाल्टचा जांभळट द्रव घालून ती काचेच्या मॅटवर पसरतात. राळेचे लांब रेणू एकमेकांशी कायमचे जोडले जातात, माल गरम होतो, कडक होतो आणि परत कधी वितळत नाही. साच्यावर लाकडाच्या रेषा कोरलेल्या असल्या तर त्या दाराच्या अंगावर उमटतात. मात्र त्या रेषा म्हणजे नुसत्या उथळ खाचा. त्यांच्या तळाशी कुठलंही तोंड उघडत नाही. माझ्या डब्यातला पातळ स्टेन तिथे गेला, त्याला आत जायला वाट मिळाली नाही आणि तो तसाच वर बसून राहिला.

होडीला ही अडचण येत नाही, कारण तिचा रंग साच्यात पहिल्यांदा फासायच्या जेलकोटमध्येच कालवलेला असतो. एकाच रंगाची होडी चालते. सागवानी दिसायचं तर गडद रेषा, फिकट उंचवटे आणि मधल्या छटा लागतात. त्या साच्यात जमत नाहीत, हातानेच आणाव्या लागतात.

अळवावरचं पाणी

आत जाता येत नसेल तर रंगाने निदान घट्ट धरून तरी बसायला हवं. कोणता द्रव कोणत्या पृष्ठभागावर पसरेल आणि कोणता थेंब होऊन बसेल, याचं गणित थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये मांडलं. सोपं करून सांगायचं तर द्रवाची स्वतःला धरून राहायची ओढ जास्त असेल तर तो गोळा होतो, आणि पृष्ठभागाची ओढ जास्त असेल तर पसरतो. अळूच्या पानावर मेणचट लव असते म्हणून त्यावर पाणी मोत्यासारखं गडगडतं. साच्यातून निघालेल्या दारावर मेणाचा अंश राहिलेला असतो. त्यावर कारखान्यातले, टेम्पोवाल्याचे आणि आपल्या घरच्यांच्या हातांचे तेलकट ठसे पडतात. म्हणजे आपण रंग लावत असतो तो अळवावरच.

परीक्षा घरी करता येते. दार आडवं ठेवून त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा. पाणी तुटून थेंब थेंब होत असेल तर मेण किंवा तेल शिल्लक आहे. सलग पातळ पापुद्र्यासारखं पसरून राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. माझ्या दारावर पहिल्या फवाऱ्याला साबुदाणा सांडल्यासारखे थेंब उभे राहिले. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने दोनदा पुसल्यावर ते बसले. दर वेळी फडकं नवीन घ्यायचं. तेच फडकं फिरवलं तर मेण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातं, एवढंच.

इथे एक मोह आवरायला हवा, पॉलिश पेपरचा. लाकडाला घासल्याशिवाय पॉलिश नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. फायबरच्या रेषा मात्र मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्याच खोल असतात. जोर लावून घासलं तर त्या पुसट होतात आणि परत उमटत नाहीत. त्याहून जास्त घासलं तर काचेचे धागे उघडे पडतात आणि हाताला दिवसभर खाज सुटते.

घट्ट पण पसरणारा

फायबरसाठी जेल स्टेन वापरतात. तो डब्यात श्रीखंडासारखा स्थिर असतो, ब्रशखाली मात्र पातळ होतो आणि ब्रश उचलला की परत घट्ट व्हायला लागतो. बाटलीतलं केचप आधी हलत नाही आणि हिसका दिला की एकदम ओघळतं, तशातलाच हा प्रकार. डब्यातल्या जाड करणाऱ्या पदार्थाचे कण एकमेकांना धरून एक सैल जाळं विणतात. ब्रशच्या ओढीने ते तुटतं आणि थांबल्यावर पुन्हा जुळतं. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. त्याच्यामुळे उभ्या दारावरही रंगाचे ओघळ येत नाहीत.

त्यातली रंगद्रव्यं म्हणजे बहुधा लोखंडाचे ऑक्साइड असतात, म्हणजे आपला गेरू आणि पिवडी यांचे सख्खे भाऊ. ते उन्हात सहज विटत नाहीत. सागाच्या अंगी स्वतःचाही रंग असतो. गावी सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडून हात लाल केला नाही, असं लहानपण विरळा. तो रंग जिवंत पानातला, धुण्यात जाणारा. गेरूचा रंग मात्र दगडातला.

नोव्हेंबरात सुतारकाकांनी दार बिजागऱ्यांतून काढलं, दोन स्टुलांवर आडवं ठेवलं, आणि कडी, हँडल उतरवून घेतलं. जुना चिकट थर टर्पेंटाइनने उतरवला. मग जेल स्टेन ब्रशने रेषांमध्ये चांगला दाबून भरला आणि कोरड्या सुती फडक्याने रेषांच्या दिशेने हलक्या हाताने पुसला. उंचवट्यांवरचा रंग फडक्यात आला, खाचांतला तिथेच राहिला. बघता बघता पांढुरक्या दारावर सागवानाच्या शिरा उठल्या. आधी मधले चौकोन, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, हा त्यांचा क्रम. खऱ्या दारातल्या लाकडाचे सांधे असेच बसतात, म्हणून रंगाची सीमा सांध्यावर पडली की डोळा फसतो. शेवटी कोरड्या ब्रशची टोकं एकदा सगळीकडून फिरवली. "आता बघू नका, उद्या बघा," म्हणाले.

वाळणं म्हणजे काय

जुलैत माझा स्टेन तीन दिवस का चिकट राहिला? कपडे वाळतात ते पाणी उडून. तेलातला स्टेन दोन टप्प्यांत वाळतो. आधी टर्पेंटाइन उडतं. मग जवसासारखं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंफून पापुद्रा धरतात. हे तेल वाळताना हलकं होत नाही, उलट वजनाने वाढतं. लाकडावर जास्तीचा स्टेन आत मुरतो आणि वरचा थर पातळ उरतो. फायबरवर सगळा जाड थर वरच होता, ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नव्हता, आणि दमट, कोंदट हवेने भर घातली.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पोटलीने पॉलिश करणारे कारागीर पावसाळ्यात हात आखडता घेतात, त्यामागेही भौतिकशास्त्र आहे. हवा २९ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग गार करतं. तो तीन अंशांनी जरी गार झाला तरी हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि पॉलिश पांढरं पडतं. म्हणून स्टेन असो वा पॉलिश, मुंबईत हे काम दिवाळीनंतर करावं. कोरड्या हवेतही फायबरवरच्या स्टेनला निदान दोन दिवस द्यावेत. बोटाला काहीच लागत नाही अशी खात्री झाल्याशिवाय वरचा हात मारू नये.

हा वरचा पारदर्शक हात वगळला तर सगळी मेहनत वाया जाते. कारण स्टेन आत मुरलेला नाही, उघड्यावर बसलेला आहे. रोजच्या हाताने, पाण्याने, फिनेलने तो झिजणारच. दोन-तीन पातळ हात द्यावेत. दारावर ऊन येत असेल तर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट घ्यावा, कारण त्या किरणांनी पॉलिएस्टर राळ पिवळी पडते आणि पुढे तिची भुकटी सुटते. आणि दाराची खालची कड विसरू नये. नवीन लादी उंच झाली की दार जागेवरच खालून कापतात. कापलेल्या कडेतून आतला फोम किंवा लाकडी पट्टी उघडी पडते आणि पाणी तिथूनच वर चढतं. आमचं जुनं दार कुजलं ते खालूनच.

फायबरचं दार सागवान होत नाही. हात लावला की कळतंच. लाकूड हाताला उबदार वाटतं, हे जरा गार आणि वाजवलं तर पोकळ. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात जाणारे जाणकार ते बोटाच्या टकटकीवर ओळखतील. पण न्हाणीघराला शोभेपेक्षा पाणी न पिणारं दार हवं, आणि ज्या गुणामुळे ते रंग पीत नाही त्याच गुणामुळे ते फुगत नाही आणि कुजतही नाही. हा सौदा मला पटलाय.

शेवटी एक सूचना, जी डब्यावर बारीक अक्षरांत असते आणि कोणी वाचत नाही. तेल ऑक्सिजन घेतं तेव्हा उष्णता बाहेर पडते. दारावर ती हवेत निघून जाते. बोळा करून पिशवीत कोंबलेल्या चिंध्यांमध्ये ती साठते आणि त्या आपोआप पेटू शकतात, काडी न लावता. स्टेन पुसलेली फडकी गॅलरीतल्या रद्दीवर टाकू नका. एकेक पसरून मोकळ्या हवेत कडक वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा, आणि मगच कचऱ्यात टाका.